रानटी की मोकाट? : कोडिक्करैच्या किनाऱ्यावरील घोडे व पक्षी, आणि भूमच्या माळाचा अभ्यासक

भूम तालुका बालाघाटच्या पठारावर वसला असून अरबी समुद्रापासून त्याचे अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तमिळनाडूच्या दक्षिणपूर्व टोकावरील एका किनारी अभयारण्याचा अभ्यास का करावा, असा प्रश्न प्रथमदर्शनी कोणासही पडेल. त्याचे उत्तर असे की, बंगालच्या उपसागराच्या काठी असलेल्या कोडिक्करै येथे जे प्रश्न दोन-तीन तासांच्या फेरफटक्यात एकत्र पाहावयास मिळतात, तेच प्रश्न आपल्या माळरानावर विखुरलेल्या आणि म्हणून सहज ध्यानात न येणाऱ्या स्वरूपात उपस्थित आहेत. तेथेही काळवीट आहे, तेथेही वेडी बाभूळ गवताळ जमीन गिळत आहे, तेथेही हजारो किलोमीटर ओलांडून आलेले पक्षी हिवाळा काढतात. शिवाय आपल्याकडे जो प्राणी केवळ माणसाच्या दाव्याला बांधलेला दिसतो, तो घोडा तेथे धन्याविना, लगामाविना, आपल्या कळपाच्या नियमाने राहतो. प्रस्तुत लेखात या घोड्यांचे स्थान काय, पक्ष्यांचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, आणि या दोहोंपासून माळरानाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याचे विवेचन करावयाचे आहे.

स्थलवर्णन

तमिळनाडूचा पूर्व किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ उतरत येतो आणि नागपट्टिणम् जिल्ह्यात एके ठिकाणी जवळजवळ काटकोनात पश्चिमेकडे वळतो. या वळणाच्या टोकासच कोडिक्करै अथवा पॉइंट कॅलिमियर म्हणतात. एका बाजूस बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूस पाल्कची सामुद्रधुनी, आणि आत वेदारण्यमची विस्तीर्ण दलदल, अशी येथील रचना आहे. भूमी इतकी सपाट की, 'रामर पादम्' म्हणजे रामाची पावले या नावाने ओळखली जाणारी, समुद्रसपाटीपासून अवघी चारेक मीटर उंचीची वाळूची टेकडी ही येथील सर्वोच्च जागा ठरते. कुंथलगिरीच्या डोंगरावरून आसमंत न्याहाळणाऱ्यास ही उंची हास्यास्पद वाटेल. परंतु अशा प्रदेशात अर्ध्या मीटरच्या चढउतारानेही खारे पाणी कोठवर पोहोचते आणि गोडे पाणी कोठे टिकते हे ठरते, व त्यावरून वनस्पतीचा प्रकार बदलतो.

काळविटांच्या रक्षणार्थ १३ जून १९६७ रोजी येथे अभयारण्य स्थापन झाले. पुढे १९ ऑगस्ट २००२ रोजी अभयारण्य, वेदारण्यमची दलदल व पश्चिमेकडील मुत्तुपेट्टैचे तिवरांचे वन मिळून सुमारे ३८५ चौरस किलोमीटरचे क्षेत्र रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्य झाले. या क्षेत्रात तीन अधिवास परस्परांस लागून आहेत. पहिला शुष्क सदाहरित वनाचा. त्यात खिरणीचे वृक्ष प्रमुख असून अशा प्रकारचे वन भारतात आता तुरळक ठिकाणीच उरले आहे. दुसरा खुल्या गवताळ जमिनीचा, जेथे काळवीट व घोडे चरतात. तिसरा चिखलवट, खाजण व मिठागरांचा, जो पक्ष्यांचा आहे.

ऋतुचक्रही आपल्याहून निराळे आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येकडून येतो. तेथे त्याचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. भूमचा माळ सुकू लागतो तेव्हा कोडिक्करैची दलदल गोड्या पाण्याने भरू लागते. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने या वेळेस फार महत्त्व आहे.

मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांनी इसवी सनाच्या सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत नामधारी स्वरूपात का होईना टिकले, आणि आजचा नागपट्टिणम् जिल्हा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्याचाच भाग होता. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ सरफोजीराजे दुसरे यांनी बांधविलेला 'मनोरा' याच किनाऱ्यावर, कोडिक्करैच्या पश्चिमेस उभा आहे. तथापि या इतिहासामुळे येथील घोडे मराठ्यांच्या पागेतील घोड्यांचे वंशज असावेत, असा तर्क करण्याचा मोह टाळला पाहिजे. प्रदेशाचा इतिहास एक आणि कळपाची वंशावळ दुसरी; पहिल्यावरून दुसरी सिद्ध होत नाही.

'रानटी' या शब्दाचे तीन अर्थ

कोडिक्करैच्या घोड्यांस प्रवासी 'रानटी घोडे' म्हणतात. शास्त्रीय विवेचनात हा शब्द जपून वापरावा लागतो, कारण त्यात तीन भिन्न कल्पना मिसळलेल्या आहेत : वंश, वर्तन आणि अधिवासातील स्थान.

वंशाच्या दृष्टीने पाहता ज्याचे पूर्वज कधीच माणसाळले नाहीत तो रानटी. अशा अर्थाने घोड्याच्या जातीत आज जगात रानटी म्हणावे असे फारच थोडे उरले आहे. युरोपातील तार्पान विसाव्या शतकाच्या प्रारंभी नष्ट झाला. मंगोलियातील प्रझेवाल्स्कीचा घोडा १९६० च्या दशकानंतर निसर्गातून दिसेनासा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत राखलेल्या संततीतून १९९२ पासून त्याचे मायदेशी पुनर्वसन करण्यात आले. हा घोडादेखील प्राचीन बोताई संस्कृतीच्या पाळीव कळपांतून सुटलेला असावा, असे अनुवंशशास्त्रीय पुराव्यावरून २०१८ मध्ये मांडण्यात आले. त्यावर वाद झाला असून बोताई येथे घोडे पाळले जात होते काय, यावरच इतर संशोधकांनी शंका घेतली आहे. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ मात्र व्होल्गा व डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत असून तेथून ते सुमारे चार हजार दोनशे वर्षांपूर्वी सर्वत्र पसरले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक अभ्यासातून दिसते. भारतात अश्वकुलातील खरा रानटी प्राणी पाहावयाचा असेल तर कच्छच्या लहान रणात जावे लागते. तेथील खूर, म्हणजे रानगाढव, हा कधी माणसाळला नाही. त्याच्यासाठी १९७३ मध्ये सुमारे ४,९५४ चौरस किलोमीटरचे अभयारण्य करण्यात आले. कोडिक्करैची तट्टे मात्र पाळीव तट्टांचीच संतती आहेत. आसामातील दिब्रू-सैखोवाच्या बेटांवरील घोड्यांचीही तीच गोष्ट. त्यांस मराठीत 'मोकाट' हा शब्द अचूक लागू पडतो; कारण मोकाट म्हणजे जे एकेकाळी दाव्यास होते व आता नाही.

वर्तनाच्या दृष्टीने पाहता निर्णय उलट लागतो. दावे सुटल्यावर घोडा काही पिढ्यांतच आपल्या जातीच्या मूळ समाजरचनेकडे परततो. एक प्रौढ नर, काही घोड्या व त्यांची शिंगरे असा स्थिर कळप बनतो. तारुण्यात आलेले नर बाहेर पडून आपापसांत टोळी करून राहतात. काळविटाशी तुलना केल्यास हा विशेष उठून दिसतो. काळवीट नर जमिनीचा तुकडा राखतो व माद्या त्यातून ये-जा करतात. घोडा जमीन राखत नाही, कळप राखतो. एकाच गवताळ पट्ट्यात हे दोन भिन्न समाज शेजारी शेजारी पाहावयास मिळणे हा प्राणिवर्तनाच्या विद्यार्थ्यास दुर्मीळ लाभ होय.

तिसरी कसोटी अधिवासातील स्थानाची. आणि खरा वाद येथेच आहे.

चरणाऱ्या दोन तोंडांचा प्रश्न

घोडा व काळवीट दोन्ही गवत खातात, परंतु खाण्याची व पचविण्याची रीत भिन्न आहे. काळवीट रवंथ करणारा. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, पोटाचे कप्पे चार, आणि गवत त्यांत दीर्घकाळ आंबत असल्याने थोड्या पण सकस चाऱ्यावर त्याचा निभाव लागतो. घोड्यास दोन्ही जबड्यांत पुढचे दात असतात, त्यामुळे तो गवत जमिनीलगत कुरतडू शकतो. त्याच्या पोटात आंबण्याची क्रिया अंधनालात, म्हणजे पचनमार्गाच्या शेवटच्या भागात होते. चारा त्वरेने पुढे सरकतो, सत्त्व कमी निघते, आणि ही उणीव तो अधिक खाऊन भरून काढतो. म्हणजे ज्या भरड गवतावर काळविटाचे भागत नाही त्यावर घोडा तगतो, आणि ज्या कोवळ्या गवतावर काळवीट जगतो तेही घोडा सोडीत नाही. पाऊसपाण्याच्या दिवसांत दोघांस पुरेसा चारा असतो; मार्चनंतर गवत आटू लागले की मोठ्या तोंडाचे पारडे जड होते. मयिलाडुतुरैजवळील ए.व्ही.सी. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी कोडिक्करैतील या दोन प्राण्यांचा अलीकडे अभ्यास केला असून मोकाट घोड्याकडे काळविटाचा उपरा प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले आहे.

या स्पर्धेत तिसरा पक्ष आहे तो वेडी बाभूळ. अमेरिका खंडातील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. जळण मिळावे, वाळू थोपावी, असा हेतू होता. तिच्या गोड शेंगा गुरे, घोडे आवडीने खातात. बी न पचता शेणालिदीवाटे बाहेर पडते, तेही खतासह आणि नव्या जागी. म्हणून घोडा गवताची दोन प्रकारे हानी करतो : एकदा स्वतः खाऊन, आणि दुसऱ्यांदा गवतास झाकोळणाऱ्या झाडाचे बी पेरून. काळविटास मोकळे मैदान हवे असते. शत्रू दुरून दिसणे व वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण असल्यामुळे काटेरी झुडुपांच्या दाटीत तो टिकत नाही.

कायद्याची भूमिका पाहू गेल्यास, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचे नाव आहे, खुराचेही आहे. पाळीव जातीच्या घोड्याचे नाही. अर्थात काळविटासाठी राखलेल्या भूमीत घोडा हा पाहुणा होय. मात्र अनुसूची हा एक निर्णय असतो. त्याने प्रश्न सुटतोच असे नाही. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गजा' चक्रीवादळ नागपट्टिणम् व वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. त्यात अभयारण्यातील असंख्य वृक्ष मोडून पडले, तसेच काळवीट, तट्टे व पक्षीही मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडले. वादळाने अनुसूची पाहिली नाही. ज्यांनी मृत घोडे पाहिले त्यांस ते उपरे म्हणून कमी दुःखाचे वाटले असतील, असे मानण्याचे कारण नाही. शास्त्रीय वर्गीकरण आणि माणसाची सहानुभूती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संवर्धनाचा निर्णय दोहोंची दखल घेऊनच करावा लागतो, पण एकीस दुसरीचे नाव देऊन करता येत नाही.

पक्ष्यांचा लेखा

कोडिक्करैत अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. त्यांत मोठा व लहान हे दोन्ही रोहित, चित्रबलाक, चमचा, पाणकोळी, तलवार बदक, नाना प्रकारचे सुरय व कुरव येतात. तथापि संख्येने व शास्त्रीय महत्त्वाने अग्रस्थान द्यावे लागते ते लहान चिखलपक्ष्यांस : छोटा टिलवा, बाकचोच तुतवार, चिखल्या इत्यादींस. बाकचोच तुतवार हा मुठीएवढा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाकडील टुंड्रात अंडी घालतो व हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे येतो. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या वनांत घरटे करणारा नवरंगही दक्षिण भारत व श्रीलंकेकडे जाताना ऑक्टोबरच्या सुमारास येथे थबकतो. पुढे समुद्र असल्याने भूमीचे हे शेवटचे टोक त्यास विसाव्याचे ठिकाण होते.

हे ज्ञान एका दिवसाच्या सहलीतून आलेले नाही. मुंबईस १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला, आणि १९६० च्या दशकापासून कोडिक्करै हे त्याचे एक प्रमुख केंद्र बनले. जाळ्यात पक्षी धरावयाचा, त्याचे वजन व पंखाची लांबी मोजावयाची, पायात क्रमांकाचे हलके वाळे चढवावयाचे व त्यास सोडून द्यावयाचे, अशी ही पद्धती. त्या वाळ्यावर मुंबईच्या सोसायटीस कळविण्याची सूचना कोरलेली असते. शेकडो पक्ष्यांमागे एखाद्याचेच वाळे पुन्हा हाती लागते, पण त्या एका नोंदीने दोन दूरस्थ बिंदू एका रेषेने जोडले जातात.

या पक्ष्यांचे अन्न पाण्याच्या क्षारतेवर अवलंबून आहे. मोठा रोहित चोच उलटी करून चिखलमिश्रित पाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म कवचधारी जीव, माशांच्या अळ्या वगैरे टिपतो. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल गाळून घेतो. चिखलपक्षी आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे चिखलाच्या भिन्न थरांतून कृमी काढतात. ईशान्य मोसमी पावसाने व कावेरीच्या फाट्यांतून येणाऱ्या गोड्या पाण्याने दलदलीची क्षारता उतरली की हे जीव विपुल होतात. क्षारता मर्यादेपलीकडे चढली की त्यांपैकी बहुतेक नाहीसे होतात. आता कावेरीवर १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले, पुढे सिंचन वाढत गेले, आणि टोकापर्यंत पोहोचणारे गोडे पाणी घटले. दुसरीकडे दलदलीचा मोठा भाग मिठागरांखाली गेला. वेदारण्यमचे मीठ जुनेच. १९३० च्या एप्रिलमध्ये राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून सत्याग्रही घेऊन येथेच मीठ उचलावयास आले होते. परंतु गावकऱ्यांची आगरे आणि उद्योगाच्या प्रमाणावरील मिठागरे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात अतिक्षार पाण्याची तळी दीर्घकाळ राखली जातात व भरती-ओहोटीचे स्वाभाविक मार्ग बांधांनी अडतात. लहान चिखलपक्ष्यांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच घटल्याचे सोसायटीच्या निरीक्षकांनी नोंदविले आहे.

उपायांचा क्रम

आता घोड्यांकडे पुन्हा पाहिले म्हणजे प्रश्नाचे प्रमाण ध्यानात येते. घोडे सर्वस्वी हटवावेत, जसेच्या तसे राहू द्यावेत, अथवा त्यांची संख्या मर्यादित राखावी, असे तीन मार्ग संभवतात. जगात इतरत्र तिसऱ्याचा अवलंब झालेला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील असाटीग बेटाच्या मेरीलँडकडील भागात घोड्यांच्या संख्येस १९९० च्या दशकापासून गर्भरोधक लसीने आळा घालण्यात आला. फ्रान्सच्या दक्षिणेस कामार्ग येथील खाजणात रोहितांच्या सान्निध्यात पांढरे घोडे चरतात. परंतु त्यांस धनी आहेत, आणि त्यांचे चरणे हा दलदलीच्या व्यवस्थेचाच एक भाग मानला जातो. कामार्गचा दाखला कोडिक्करैस जसाच्या तसा लावता येत नाही, कारण तेथे काळविटासारखा अनुसूचित तृणभक्षक त्याच गवतावर अवलंबून नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम दलदलीस गोडे पाणी व भरतीचे मार्ग मोकळे करणे, कारण त्यावर पक्षी अवलंबून आहेत आणि त्यास पर्याय नाही. त्यानंतर वेडी बाभूळ उपटून गवताळ पट्टा विस्तारणे. हे झाल्यावर घोड्यांची संख्या चाऱ्याच्या मानाने मर्यादित राखणे. पहिली दोन कामे न करता केवळ घोडे हटविले तर काळविटास मिळणारा लाभ काही वर्षांत बाभळीखाली जाईल. आणि घोड्यांस हातच न लावता गवत वाढविले तर त्याचा मोठा वाटा घोडेच घेतील.

भूमच्या माळाकडे

हे विवेचन आपल्या परिसरास लावून पाहणे अगत्याचे आहे. धाराशिव, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या पठारावर पवन्या, कुसळी, मारवेल अशा गवतांचा माळ हाच मूळ अधिवास होता. काळवीट, लांडगा, माळढोक हे त्याचे रहिवासी. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे त्याचे पाहुणे. नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. ते पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, आणि माळढोक तर आता तेथून जवळजवळ नाहीसाच झाला आहे. उलट कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० पासूनचे काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचे असूनही काळवीट राखून आहे. क्षेत्राच्या आकड्यापेक्षा गवताची स्थिती अधिक निर्णायक असते, हा याचा अर्थ.

आपल्याकडील अडचण मुख्यतः भाषेची आहे. महसुली दप्तरात माळास 'पडीक' म्हणतात. पडीक म्हटले की त्यावर काहीतरी लावावेसे वाटते. मग गिरिपुष्प लागते, वेडी बाभूळ आपसूक येते, आणि वृक्ष वाढले म्हणून समाधान मानले जाते. वस्तुतः भूमच्या खव्याची कीर्ती ज्या दुभत्या जनावरांवर उभी आहे, त्यांच्या चाऱ्याचा या माळाशी जुना संबंध आहे. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर बांधव ज्या लहान चणीच्या काटक घोड्यांवर बिऱ्हाड लादतात, तो भीमथडी घोडाही याच गवतावर पोसला गेला. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने या घोड्यास अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंदविले आहे. कोडिक्करैत घोडा धन्याविना आहे म्हणून त्याचा प्रश्न. आपल्याकडे घोड्यास धनी आहे, पण दोघांस चराई उरत नाही, हा प्रश्न. मुळाशी गवतच आहे.

ज्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष जावयाचे असेल त्यांनी हेतूप्रमाणे काळ निवडावा. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. काळवीट व घोडे यांच्या चराईतील स्पर्धा पाहावयाची असेल तर मार्चनंतरचे महिने योग्य. कुर्डुवाडीहून रेल्वेने चेन्नई, तेथून तंजावर अथवा नागपट्टिणम् व पुढे वेदारण्यममार्गे कोडिक्करै असा मार्ग सोयीचा पडतो. वाटेत तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय पाहणे मराठीच्या विद्यार्थ्यांसही लाभदायक होईल. वनखात्याची अनुज्ञा आधी घ्यावी. घोड्यांच्या कळपाजवळ जाऊ नये, त्यांस खाऊ घालू नये. मोकाट प्राणी माणसाळला की त्याचे व माणसाचे दोघांचेही नुकसान होते. प्रत्येकाने एकच कळप निवडून दर दहा मिनिटांस त्याचे स्थान, चरणाऱ्यांची संख्या व सर्वांत जवळच्या काळविटाचे अंतर टिपावे. तीच नोंदवही घेऊन परतल्यावर भूमच्या एखाद्या माळावर शेळ्यामेंढ्या, गुरे व काळवीट यांच्या बाबतीत तीच रीत वर्षभर चालविली, तर या परिसराच्या गवताचा एक विश्वसनीय लेखा तयार होईल. आणि माळास 'पडीक' ठरविण्यापूर्वी तो संबंधितांसमोर ठेवता येईल.